ठोसा विचारत नाही!

आमच्या घरात सध्या दोन तट पडले आहेत. कारण राजकारण नाही, इस्टेट नाही. कारण आहे हेवीवेट मिक्स्ड मार्शल आर्ट्स! एका तटावर पुतण्या बंडू, दुसऱ्यावर मी. बायको तटस्थ आहे. तिच्या मते दोघेही सारखेच बिनकामाचे.

बंडूचा पक्ष सोपा. "काका, हेवीवेट म्हणजे ठोसा! बाकी सब झूट." त्याचं दैवत कॅमेरूनचा फ्रान्सिस एन्गानू. २०२१ साली त्यानं स्टिपे मिओचिचला दुसऱ्या फेरीत ठोशानं आडवा केला, ही कथा बंडू जेवताना सुद्धा हातवारे करून सांगतो. पण त्याच मिओचिचनं २०१८ साली एन्गानूला पुन्हा पुन्हा खाली पाडून, पाच फेऱ्यांत पुरता दमवून हरवलं होतं, हे मी काढलं की बंडूला नेमकी क्लासची आठवण होते.

दोघं पहिलवान जमिनीवर गेले की बंडू जांभया देतो. "काय मिठी मारून बसलेत!" प्रेक्षक तर हुर्यो करतात. माझं भांडण आहे ते इथंच.

आपल्या कोल्हापूरच्या मातीत पाठ टेकली की खेळ खलास. पण ब्राझीलचा नोगेरा पाठ टेकल्यावर कामाला लागायचा! २००२ साली तोक्योत त्याच्यापुढं बॉब सॅप उभा राहिला. दीडशे किलोंच्या वरचा डोंगर! त्यानं नोगेराला उचलून अक्षरशः डोक्यावर आपटला. नोगेरा खालून मार खात राहिला, वाट बघत राहिला. दुसऱ्या फेरीत हात सापडला, कोपर उलटं ताणलं, आणि डोंगर शरण आला.

आता माझा मुद्दा. ठोसा कुणाला काही विचारत नाही. पकडीत सापडलेल्या माणसाला मात्र विचारलेलं असतं, "काय, पुरे का?" त्यानं थाप मारायची की सुटका. माणूस आपल्या पायांनी, आपल्या डोक्यासकट घरी जातो. डोक्यावर बसलेले ठोसे उधारीच्या वहीत जमा होतात आणि कधीकधी म्हातारपणी वसूल केले जातात. टाळ्या वाजवणारे तेव्हा जवळपास नसतात.

"मग २०११ साली फ्रँक मीरनं तुमच्या नोगेराचाच हात मोडला, त्याचं काय?" बंडूनं पेच टाकला. कबूल! पण तिथं विचारणा झाली होती, उत्तर द्यायला नोगेरानं उशीर केला. ठोशात उत्तराची सोयच नाही.

आणि रशियाचा फेडोर एमेलियानेन्को बघा. पोट थेट आमच्यासारखं, चेहरा पोस्टात रांगेत उभं राहिल्यासारखा शांत. ठोसाही जबर, पकडही जबर. जवळजवळ दहा वर्षांत फक्त एकदा हरलेला, तोही जखमेमुळं. २०१० साली वेर्दुमच्या पायांच्या कात्रीत सापडला, आणि ६९ सेकंदांत त्यानं थाप मारली. मला तर हा त्याचा मोठा पराक्रम वाटतो. आपण हरलो हे इतक्या लवकर किती जणांना कळतं?

मी आणि बंडू तासभर भांडत होतो, आम्हाला कळलं नाही. शेवटी आतून आवाज आला, "दळण कोण आणणार आहे?"

दोघांनी एकदमच टेबलावर थापा मारल्या.