लोत्रेकचा बेडूक : चित्र आधी, चरित्र नंतर

१/ आंरी द तुलूझ-लोत्रेक हे नाव ऐकताच बहुतेकांना आठवते ते पॅरिसचे मुलाँ रूज, तेथील नर्तकी आणि १८९१ चे गाजलेले रंगीत भित्तिपत्रक. याच उत्तर-दृक्‌प्रत्ययवादी चित्रकाराचा एक बेडूकही आहे. टोड जातीचा, खरखरीत कातडीचा आणि एकाच गडद शाईत छापलेला. हा थ्रेड त्या बेडकाविषयी आहे, आणि त्याच्यावर सर्रास लादल्या जाणाऱ्या एका अर्थाविषयीही.

२/ १८९९ मध्ये पॅरिसचे प्रकाशक आंरी फ्लूरी यांनी झ्यूल रनार या लेखकाच्या ‘इस्त्वार नात्युरेल’ या पुस्तकाची सचित्र आवृत्ती काढली. प्रती अवघ्या १००. आत लोत्रेकची २२ शिळामुद्रिते : हंस, मोर, कोळी, गोगलगाय, उंदीर, ससे, बैल आणि आपला बेडूक.

३/ रनारचे गद्य आटोपशीर आहे. त्याच्या बेडकाच्या प्रकरणात निवेदक मोठ्या सहानुभूतीचा आव आणून त्या प्राण्याला त्याची कुरूपता ऐकवतो. बेडूक शांतपणे तोंड उघडतो आणि तोच प्रश्न निवेदकावर उलटवतो. प्रकरणाचा सारा रोख या उलटतपासणीत आहे.

४/ आता तो रूढ अर्थ पाहू. लोत्रेकचे आईवडील मावसभावंडे. त्याची हाडे जन्मतःच ठिसूळ होती. १८७८ मध्ये एक मांडी मोडली, १८७९ मध्ये दुसरी. पायांची वाढ खुंटली आणि उंची सुमारे दीड मीटरवर थांबली. यावरून निष्कर्ष काढला जातो की, हा बेडूक म्हणजे चित्रकाराने रेखाटलेले स्वतःचेच दुःखी रूप.

५/ हा अर्थ हृदयस्पर्शी आहे, सोयीचाही आहे. परंतु कालक्रमापुढे तो टिकत नाही. लोत्रेकच्या बालपणीच्या वह्या घोडे, कुत्रे आणि पक्षी यांनी भरलेल्या आहेत, आणि त्यांतील कितीतरी रेखाटने हाड मोडण्यापूर्वीची आहेत. प्राणी त्याच्या कागदावर आले ते अपघातानंतर नव्हे, आधी.

६/ याचे कारण घरातच होते. वडील काउंट आल्फाँस हे शिकार, घोडे आणि ससाणे यांचे निस्सीम शौकीन. मुलाचे पहिले चित्रगुरू रने प्रँस्तो हे घोड्यांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध होते. प्रँस्तो मूकबधिर होते, तरी त्यांच्या घोड्यांत कोणी त्यांचे बहिरेपण शोधत नाही. मग हाच न्याय शिष्याला का नसावा?

७/ आता तंत्राकडे वळू. आपल्याकडच्या जुन्या शिळाप्रेसवरील पोथ्या ज्या तत्त्वावर छापल्या गेल्या, तेच तत्त्व येथेही आहे. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट शाईने किंवा खडूने रेखाटायचे, आम्ल आणि डिंकाचे मिश्रण लावायचे, मग शिळा ओली करून शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या भागावर शाई चढत नाही. ती चढते फक्त रेखाटनावर. चित्रकाराच्या हाताचा दाब आणि कुंचल्याचा ओघ थेट कागदावर उतरतो.

८/ लोत्रेक या तंत्रात मुरलेला होता. दात घासायच्या ब्रशने शिळेवर शाईचे तुषार उडवण्याची त्याची पद्धत प्रसिद्ध आहे. रंगांचा आधार काढून घेतला की उरतात रेषा, डाग आणि मोकळा कागद. एवढ्या भांडवलावर प्राण्याचा भार, बसण्याची ढब आणि सावधपणा उभा करायचा, तर त्याच्याकडे दीर्घकाळ पाहिलेले असावे लागते. या चित्राचे मर्म त्या पाहण्यात आहे.

९/ आणखी एक साधा प्रश्न. बेडूक जर आत्मचित्र, तर त्याच पुस्तकातील हंस कोणाचा? मोर कोणाचा? बावीसांपैकी नेमका कुरूप मानला गेलेला प्राणी निवडून त्याला चित्रकाराच्या शरीराशी जोडणे, हा पूर्वग्रह चित्राचा नव्हे, पाहणाऱ्याचा आहे.

१०/ याचा अर्थ चरित्र निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. वडिलांसारखी घोडदौड आणि शिकार अशक्य झाली, अंथरुणावरचे महिने वाढले आणि पेन्सिल हाताशी राहिली, हे खरेच आहे. चरित्र एवढे सांगू शकते की त्याला रेखाटायला वेळ कसा मिळाला. त्या रेषेत काय आहे, हे मात्र रेषेलाच विचारावे लागते.

११/ इतिहासाच्या अभ्यासकाने हे विशेष जपायला हवे. अपंग कलावंताची प्रत्येक कृती त्याच्या व्यथेचा कबुलीजबाब म्हणून वाचली, तर त्याचे कौशल्य, त्याची विनोदबुद्धी आणि त्याची कष्टसाध्य नजर या सर्वांवर पाणी सोडावे लागते. दयाही माणसाला लहान करू शकते. लोत्रेक १९०१ मध्ये, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी वारला. शतकाहून अधिक काळ लोटला तरी ही दया त्याचा पिच्छा सोडत नाही.

१२/ पुढच्या वेळी हा बेडूक पाहण्यात आला, तर आधी तो बसला कसा आहे ते पाहावे. चित्रकाराची उंची नंतर आठवली तरी चालेल. आणि कीव दाटून आलीच, तर रनारच्या बेडकाने आपल्या निवेदकाला काय विचारले होते, ते स्मरावे.