तंतू एक, सेवा दोन, मालकी कोणाची?

मोबाइल फोन हाती आल्यापासून तारेचे युग संपले, अशी एक समजूत रूढ झाली आहे. ती वस्तुस्थितीला धरून नाही. फोनपासून जवळच्या मनोऱ्यापर्यंतचा प्रवास तेवढा बिनतारी असतो. तेथून पुढे संदेश वाहून नेण्याचे काम मुख्यतः काचेचा तंतू, म्हणजे ऑप्टिकल फायबर करतो. तंतू न पोचलेले मनोरे सूक्ष्मलहरींनी जोडावे लागतात आणि त्यांची वहनक्षमता तंतूच्या मानाने तोकडी पडते. १ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतात सुरू झालेल्या 'फाइव्ह-जी' सेवेचा विस्तारही म्हणूनच तंतूंच्या जाळ्यावर अवलंबून आहे.

तंत्रविज्ञानाने या बाबतीत एक महत्त्वाची सोय करून दिली आहे. केंद्रातून निघालेला एकच तंतू वाटेतल्या एका साध्या विभाजकाने, तेथे विजेची गरज न पडता, बत्तीस किंवा चौसष्ट जोडण्यांना पुरवता येतो. त्याच तंतूतून वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश सोडला, तर घराघरांतील तारेची सेवा आणि मनोऱ्याची बिनतारी सेवा परस्परांना अडथळा न करता शेजारी शेजारी नांदतात. रेडिओलहरींचा संकेतच प्रकाशावर चढवून मनोऱ्यापर्यंत नेण्याची पद्धतीही विकसित झाली आहे. तीत मनोऱ्यावरील यंत्रणा सुटसुटीत होते आणि बरीचशी प्रक्रिया केंद्रात करता येते. तात्पर्य, शाळेची जोडणी आणि मनोऱ्याची जोडणी यांसाठी दोन चर खणण्याचे कारण उरलेले नाही.

येथे प्रश्न अर्थशास्त्राचा होतो. जाळे उभारण्याच्या खर्चातील मोठा वाटा काचेचा नसून खोदाईचा आणि रस्त्यावरील परवान्यांचा असतो. एकदा चर खणला की त्यात चार तंतू अधिक टाकण्याचा खर्च नगण्य. अशा व्यवसायाला अर्थशास्त्रात नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात. तेथे स्पर्धेच्या नावाखाली प्रत्येक कंपनीने आपला वेगळा चर खणणे ही समाजाच्या भांडवलाची उधळपट्टीच होय. शिवाय ही स्पर्धा पैसेवाल्या वस्त्यांत होते. ज्या गावात एका चराचाही खर्च सुटत नाही, तेथे दुसरा स्पर्धक फिरकत नाही आणि बहुधा पहिलाही नाही.

भारतातील अनुभव हेच सांगतो. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना तंतूने जोडण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. तीच पुढे 'भारतनेट' म्हणून ओळखली जाऊ लागली. मूळ आराखड्यात तंतू पंचायतीपर्यंत न्यायचा आणि तेथून पुढची सेवा इतरांनी द्यायची, अशी विभागणी होती. परिणाम कालव्यासारखाच झाला. पाणी मुखाशी आले, पण शेपटाचे शेत कोरडे राहिले. २०२१ साली सोळा राज्यांसाठी खाजगी भागीदारीची योजना आली आणि तीत १९,०४१ कोटी रुपयांचे सरकारी साहाय्य देऊ केले होते. तरीही निविदांना प्रतिसाद मिळाला नाही. त्याच वर्षी मालमत्तांपासून पैसा उभारण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात भारतनेटचा सुमारे २.८६ लाख किलोमीटर तंतू समाविष्ट करण्यात आला. खेड्यात जोखीम घ्यायला जे भांडवल पुढे आले नाही, त्याच्याच हाती तयार जाळे सोपवायचे, ही कोणती नीती?

यावर असा आक्षेप घेतला जातो की सरकारी जाळे नादुरुस्तच राहते. हा आक्षेप खोडून काढता येणार नाही. एका ओळीत टाकलेला तंतू एके ठिकाणी तुटला की पुढची सारी गावे अंधारात जात. २०२३ साली मंजूर झालेल्या सुमारे १.३९ लाख कोटी रुपयांच्या सुधारित योजनेत म्हणूनच वर्तुळाकार मांडणी, दहा वर्षांची देखभाल आणि दीड कोटी ग्रामीण घरांना जोडण्याचे लक्ष्य आहे. मात्र दोष सार्वजनिक मालकीचा नसून सदोष आराखड्याचा आणि बेपर्वाईचा होता. स्टॉकहोम नगरपालिकेने १९९४ साली स्थापन केलेली 'स्टोकाब' ही कंपनी शहरभर तंतू टाकते आणि तो सर्व कंपन्यांना समान अटींवर भाड्याने देते. ग्राहकांना सेवा विकण्याच्या धंद्यात ती स्वतः पडत नाही. २००९ च्या डिसेंबरात 'फोर-जी'ची सार्वजनिक सेवा जगात प्रथम सुरू झाली, ती स्टॉकहोम आणि ओस्लो या शहरांत. मार्ग समाजाचा असला म्हणून सेवा मागासलेली राहत नाही, हे यावरून दिसते.

तेव्हा मागणी नेमकी असली पाहिजे. तंतूची मालकी सार्वजनिकच राहावी. घरे, शाळा, आरोग्य केंद्र आणि मनोरा यांचा आराखडा गावपातळीवर एकत्र व्हावा. 'बी.एस.एन.एल.'सह सर्व कंपन्यांना एकाच जाहीर दराने तंतू मिळावा. भाड्याचे उत्पन्न देखभालीसाठीच राखून ठेवावे आणि दुरुस्तीचे काम गावातील प्रशिक्षित तरुणांकडे असावे. सेवेत स्पर्धा खुशाल व्हावी; मार्गात ती नको. एस.टी.ची गाडी आणि सावकाराची मोटार एकाच सडकेवरून धावतात, म्हणून कोणी सडक सावकाराच्या नावावर करून देत नाही. जमिनीखालच्या सडकेलाही हाच न्याय लागू केला पाहिजे.