चिठ्ठीला उत्तर येत नाही

गेल्या काही महिन्यांत या मासिकाकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलला आहे. कटबद्दलची, म्हणजे रेफरलच्या कमिशनबद्दलची, ओरड आहेच, पण बहुतेक जीपींची तक्रार आता निराळी आहे. पेशंट रेफर केला, ॲडमिट झाला, प्रोसिजर झाली, घरी गेला. जीपीच्या हाती काय आले? हॉस्पिटलच्या पीआरओचा आभाराचा व्हॉट्सॲप आणि दिवाळीत सुकामेव्याचा डबा. काय केले, पुढे काय करायचे, हे सांगणारी कन्सल्टंटची दोन ओळींची चिठ्ठी काही येत नाही.

याचा भुर्दंड कोणाला पडतो ते एका पत्रातल्या केसवरून दिसते. मधुमेहाच्या पेशंटची ॲन्जिओप्लास्टी झाली. कॉन्ट्रास्ट द्यायचा म्हणून मेटफॉर्मिन बंद केले. ते कायमचे बंद, की क्रिॲटिनिन पाहून पुन्हा सुरू करायचे, याचा डिस्चार्ज कार्डावर उल्लेख नाही. पेशंटने अर्थातच सुरू केले नाही. महिन्याने वाढलेली शुगर घेऊन तो आपल्या जुन्या डॉक्टरांकडे आला. दाढ काढायची होती, म्हणून डेंटिस्टचा प्रश्नही सोबत होता: क्लोपिडोग्रेल थांबवायचे का? स्टेंट घालून जेमतेम महिना झालेला! जीपीने फोन लावला तो पीआरओला, कारण कार्डावर कन्सल्टंटचा नंबरच नव्हता. पीआरओने तत्परतेने सांगितले, "सर, पेशंटला फॉलोअपला पाठवून द्या ना, आम्ही गाडी पाठवतो."

गाडी तत्पर, उत्तर बेपत्ता. व्यावसायिक संबंध म्हणून आज जे काही चालते त्याचा हा अर्क आहे.

उपनगरात नव्याने बसणारा कन्सल्टंट पहिल्या महिन्यात काय करतो, तेही पाहावे. हॉस्पिटलचा मार्केटिंगवाला परिसरातल्या दवाखान्यांची यादी काढतो आणि त्याला गाडीत घालून संध्याकाळच्या ओपीडीत दारोदार फिरवतो. बाहेर पेशंट ताटकळलेले असताना आत कार्ड, डायरी, पेन आणि "सर, लक्ष असू द्या". पाच मिनिटांत भेट आटोपते. या डॉक्टरचा हात कशात चांगला बसलेला आहे, कोणती केस तो स्वतः पुढे पाठवील, रात्री फोन उचलतो की नाही, यातले एक अक्षर निघत नाही. निघाले तर त्या भेटीतून ओळख झाली म्हणता येईल.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांतले ६.४ सगळ्यांना तोंडपाठ आहे: पेशंट पाठवल्याच्या बदल्यात कमिशन, बोनस, भेट देऊ नये, घेऊ नये. त्याच विनियमांतले ३.६ मात्र कोणी उघडून पाहत नाही. पाठवणाऱ्याने केस समरी द्यावी आणि स्पेशालिस्टने आपले मत त्याला लेखी कळवावे, एवढीच त्याची मागणी आहे. वीस वर्षांहून अधिक काळ हे कलम कागदावर आहे, आणि कागदावरच आहे.

सरकारदरबारी या विषयाचे काय झाले, त्याची कहाणी तर मनोरंजक आहे. २०१७ मध्ये मुंबईत 'डॉक्टरांना कमिशन नाही' अशा अर्थाचे एका हृदयरोग रुग्णालयाचे होर्डिंग लागले. डॉक्टरांच्या संघटनांना ते झोंबले. त्याच वर्षी राज्याने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, कटविरोधी कायद्याचा मसुदा झाला, सूचना मागवल्या गेल्या. कायदा काही झाला नाही. पुढे २ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे आचारविनियम अधिसूचित केले आणि २३ ऑगस्टला स्थगितही केले. जुने २००२ चे पुन्हा लागू. मार्च २०२४ मध्ये औषध कंपन्यांसाठी नवी आचारसंहिता आली, ती हॉस्पिटलच्या पीआरओला लागूच नाही. म्हणजे एमआरच्या पेनावर नियम आहे, पीआरओच्या पाकिटावर नाही. कमिशन घेणाऱ्या ॲलोपॅथिक डॉक्टरला मेडिकल कौन्सिल विचारू शकते. देणारे हॉस्पिटल कौन्सिलच्या कक्षेबाहेर. बीएएमएस आणि बीएचएमएस जीपींचे कौन्सिल आणखी निराळे. एका पेशंटच्या प्रवासात तीन दारे आणि एकाचाही चौकीदार दुसऱ्याशी बोलत नाही.

आपल्या राज्य कौन्सिलला पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी ३० क्रेडिट अवर्स लागतात. सीएमईला निरीक्षक येतो आणि हजेरी पाहतो. हॉल कोणाचा, जेवण कोणाचे, व्याख्याता कोणाच्या पगारावरचा, हे विचारले जात नाही. पाच वर्षांत एकाही रेफरलला उत्तर न लिहिणारा कन्सल्टंट निवांत नूतनीकरण करून घेतो.

अधिकाऱ्यांना बोल लावून मात्र जीपींची सुटका नाही. कन्सल्टंटही पत्रे पाठवतात आणि पेशंटसोबत आलेल्या चिठ्ठ्यांचे नमुने जोडतात. प्रिस्क्रिप्शन पॅडच्या चतकोरावर 'चेस्ट पेन, डू द नीडफुल' आणि वर रबरी शिक्का. चालू औषधे नाहीत, ॲलर्जी नाही, जुना ईसीजी नाही, कशाची शंका आहे तेही नाही. अशा चिठ्ठीला उत्तर तरी काय लिहावे?

याहून वाईट म्हणजे शस्त्रक्रियेची गरज नाही असे सांगून पेशंट परत पाठवणाऱ्या सर्जनकडे पुढची केस न पाठवणारे सभासद आपल्यातच आहेत. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांच्या मुलाखतींतून जे मांडले, त्यात ही कुचंबणा स्पष्ट दिसते. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी एका डायग्नोस्टिक सेंटरकडून आलेल्या १,२०० रुपयांच्या चेकविरुद्ध कौन्सिलकडे तक्रार केली, तेव्हा टाळ्या वाजवणारे पुष्कळ होते. आपला चेक परत पाठवणारे किती, ते ज्याचे त्याला ठाऊक.

तेव्हा कायद्याची वाट पाहणे पुरे. जीपींनो, चिठ्ठीत चार गोष्टी लिहा: शंका काय, चालू औषधे कोणती, आजवर काय तपासले, उत्तर कशाचे हवे. कन्सल्टंट मित्रांनो, डिस्चार्जच्या दिवशीच स्वतः उत्तर द्या. काय बंद केले, किती दिवसांसाठी, पुन्हा कधी भेटायचे, आणि खाली स्वतःचा नंबर. निदान चुकीचे निघाले तर तेही सरळ लिहा, ते वाचून जीपी नाते तोडणार नाही. केस आपल्या आवाक्यातली नसेल तर पहिल्या दिवशीच सांगा. शाखांच्या पदाधिकाऱ्यांनी पुढच्या सीएमईत प्रायोजकाच्या भाषणाऐवजी दोन्ही बाजूंच्या खऱ्या चिठ्ठ्या पडद्यावर दाखवाव्यात. चांगल्या-वाईट दोन्ही प्रकारच्या चिठ्ठ्या मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, पेशंटचे आणि डॉक्टरचे नाव खोडून. त्यांच्यासाठी पुढच्या अंकापासून दोन पाने राखून ठेवली आहेत.