उसन्या खांबांची घरे

मुंबईचे शांघाय करण्याची भाषा आपल्याकडे वर्षानुवर्षे ऐकू आली. शांघायचे उत्तुंग मनोरे सर्वांनी पाहिले. त्या मनोऱ्यांतील दिवाणखान्यांत मात्र फारसे कोणी डोकावले नाही. डोकावले असते, तर कौतुकाचा सूर थोडा खाली आला असता.

१९९८ साली चीनने घरांचे सरकारी वाटप थांबविले आणि कोट्यवधी कुटुंबे स्वतःच्या घराची मालक होऊ लागली. तेथे नवी सदनिका बहुधा उघड्या सिमेंटच्या भिंतींसह ताब्यात मिळे. फरशी, छत, रंग सारे मालकाने करून घ्यायचे. अभिरुची प्रकट करण्यास याहून मोठी मोकळीक कोणती?

या मोकळिकीत अवतरले काय? प्लास्टरचे ग्रीक खांब, सोनेरी मुलाम्याच्या खुर्च्या, स्फटिकांची झुंबरे आणि कधीही विस्तव न पाहिलेल्या शोभेच्या शेकोट्या! भिंतीवर व्हॅन गॉगची सूर्यफुले, तीही शेन्झेनच्या दाफेन वस्तीत घाऊक रंगविलेली. शांघायच्या उपनगरात २००६ साली ‘थेम्स टाऊन’ हे इंग्रजी नगर उभे राहिले, तर २०१२ साली ग्वांगडोंग प्रांतात ऑस्ट्रियातील हालश्टाट गावाची प्रतिकृती. २०११ साली चीनच्याच सरकारी दूरचित्रवाणीने दाखविले, की अस्सल इटालियन म्हणून अवाच्या सवा किमतीला विकले जाणारे काही फर्निचर देशातच बनत होते. स्वतःच्या देशातील सुताराचे काम निघाले, हीच फसवणूक ठरली! यापरता आत्मविस्मृतीचा पुरावा कोणता हवा?

पाश्चात्त्य टीकाकार याला हसतात. त्यांना तो अधिकार नाही. अठराव्या शतकात त्यांच्याच सरदारांचे वाडे चिनी धाटणीच्या नकलांनी भरले होते. लंडनच्या क्यू उद्यानातील पॅगोडा १७६२ सालचा आहे. त्याच शतकात चिएनलुंग बादशहाने पेकिंगजवळील आपल्या प्रासाद-उद्यानात युरोपीय धर्तीचे महाल बांधविले. १८६० साली इंग्रज-फ्रेंच फौजांनी ते उद्यान लुटले आणि इंग्रजांनी ते जाळले. परक्याचे घेणे हा दोष नव्हे. बादशहाने घेतले ते कुतूहलाने, आपले सर्वस्व शाबूत ठेवून. आजच्या नकलेत ते ‘आपले’ कोठे आहे?

ते हरवले नाही, हिरावले गेले. १९६६ साली माओच्या सांस्कृतिक क्रांतीने जुने विचार, जुनी संस्कृती, जुन्या चालीरीती आणि जुन्या सवयी यांवर घाला घातला. ‘लाल रक्षक’ घरोघर शिरले. मुख्य दालनातील पितरांच्या नामपट्टिका, चित्रपट, ग्रंथ, वंशपरंपरेचे फर्निचर फोडले वा जाळले गेले. मिंगकालीन सुतार खिळ्यावाचून लाकडात लाकूड गुंतवून ज्या निराभरण, डौलदार खुर्च्या घडवीत, त्या घरात असणेच धोक्याचे झाले. आजोबांची खुर्ची पाहिलेलीच नाही, तो नातू हाती पैसा येताच परक्यांच्या खुर्चीकडे धावला, यात नवल ते काय?

आता उपरती झाली आहे. २०२० साली मोठ्या सार्वजनिक इमारतींत नक्कल करण्यास सरकारने मनाई केली. ‘नव-चिनी शैली’चे फर्निचरही दुकानांत झळकते. परंतु ज्या सत्तेने एका हुकुमाने घराची स्मृती पुसली, तिला दुसऱ्या हुकुमाने ती परत आणता येणार नाही. अभिरुची आईच्या हाताखाली, आजोबांच्या ओसरीवर घडते. ती धार एकदा तुटली, की वारसाही बाजारातून विकत आणावा लागतो. आणि विकत आणलेला वारसा हाही उसनाच खांब असतो.