रिमोट म्हणजे माणसांशिवाय नव्हे

शनिवार सकाळ, चहाचा कप आणि आठवडाभर डोक्यात अडकलेला विषय. ऑफिसातला एकजण परवा ठासून म्हणाला, "करोनात वेधशाळांना काय फरक पडला असणार? सगळं रिमोट. आपल्यासारखंच, घरी बसून लॉगिन!" तेव्हा मी गप्प बसलो. आज नाही बसणार.

चिलीतल्या आटाकामा वाळवंटातली 'आल्मा' घ्या. पाच हजार मीटर उंचीवर ६६ अँटेना. त्या चालवणारी मंडळी आधीपासूनच खाली, २,९०० मीटरवरच्या तळावर बसतात. म्हणजे रिमोटच की! तरी २२ मार्च २०२० ला काम थांबवावं लागलं आणि निरीक्षणं पुन्हा सुरू व्हायला जवळपास वर्ष गेलं. का? उणे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवायचे रिसीव्हर, स्वतःची वीजनिर्मिती, अँटेनांची डागडुजी... ही कामं ब्राउझरमधून होत नाहीत राव.

दुसरा लाडका शब्द म्हणजे 'नशीब'. १८ जानेवारी २००३ ला ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळच्या माउंट स्ट्रॉम्लो वेधशाळेत वणवा शिरला. पाच दुर्बिणी खाक. जेमिनी दुर्बिणीसाठी जवळजवळ तयार झालेलं उपकरणही जळालं, ते पुन्हा बांधावं लागलं. जानेवारी २०१३ मध्ये तिथल्याच सायडिंग स्प्रिंग वेधशाळेवर वणवा आला. काही इमारती गेल्या, पण ३.९ मीटरची अँग्लो-ऑस्ट्रेलियन दुर्बीण वाचली. नशीब? छे! स्ट्रॉम्लोचा धडा घेऊन तिथल्या लोकांनी इमारतींभोवतालची झाडंझुडपं आधीच कमी केली होती. झुडपं तोडणाऱ्याचा फोटो कधी छापून येतो का?

याच्या उलट प्वेर्तो रिकोतलं आरेसिबो. २०१७ च्या मारिया चक्रीवादळानंतर ही ३०५ मीटरची दुर्बीण पुन्हा चालू झाली. केबली सॉकेटमधून सरकताहेत हे पाहणीत दिसत होतं, पण कोणी पुरेसं मनावर घेतलं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये एक केबल निसटली, नोव्हेंबरात दुसरी तुटली आणि १ डिसेंबरला वर टांगलेला सुमारे ९०० टनांचा सांगाडा खालच्या तबकडीवर कोसळला.

दुसऱ्यांकडे बोट दाखवतोय, तर स्वतःचंही सांगतो. माझ्या पहिल्या नोकरीत 'डिझास्टर रिकव्हरी'ची जाडजूड फाइल होती. बॅकअप रोज 'यशस्वी' व्हायचा. तो रिस्टोअर करून कोणी कधी पाहिलाच नव्हता. सर्व्हर बसला त्या रात्री कळलं, चार महिने आम्ही रिकाम्या फाइली जपत होतो. लॉगमध्ये वॉर्निंग होती. मी ती वाचलीही होती. "चालतंय ना, मग कशाला हात लावा?" असं म्हणून पुढे गेलो होतो.

म्हणून म्हणतो, बजेटची पहिली कात्री देखभालीवर चालवणाऱ्यांनी 'संकटातही विज्ञान थांबत नाही' असली भाषणं ठोकू नयेत. विज्ञान थांबतं. व्यवस्थित थांबतं. ते पुन्हा सुरू होतं ते कोणीतरी आधी झुडपं तोडलेली असतात म्हणून.

असो. सोमवारी ऑफिसात गेल्यावर पहिलं काम, बॅकअप रिस्टोअर करून बघणे.