पावसाळ्यातील बिऱ्हाड

नांदूर मधमेश्वर हे २०२० साली रामसर यादीत गेलेले महाराष्ट्रातील पहिले पाणथळ. तेथे हिवाळ्यात गर्दी होते ती चक्रवाक आणि तलवार बदके पाहण्यासाठी. चैत्राच्या सुमारास हे पाहुणे हिमालयापलीकडे परततात आणि दुर्बिणी कपाटात जातात. वास्तविक पाण्यावरचा संसार मांडला जातो तो पुढे, पावसाळ्यात. कमळपक्ष्याची मादी तरंगत्या पानांवर बहुधा चार अंडी घालते; ती उबवण्याचे आणि पिल्ले सांभाळण्याचे काम मात्र नराचे. (गृहिणींना हा पक्षी विशेष आवडावा!) टिबुकली घरट्यावरून उठताना अंडी ओल्या पाणवनस्पतींनी झाकते. गावोगावच्या तळ्यांतही हीच बिऱ्हाडे असतात. सुशोभीकरणासाठी ऐन श्रावणात पाणवनस्पती उपसल्या, की अंड्यांसकट ती ट्रॅक्टरमध्ये जातात. हेच काम दिवाळीनंतर केले तरी तळे तितकेच स्वच्छ होते.