धन्वंतरीचा दरबार आणि रुग्णाची फिर्याद

धनत्रयोदशीला धन्वंतरीची पूजा करावी आणि धणे-गुळाचा प्रसाद वाटावा, ही चाल मला मनापासून आवडते. ज्यांच्या हाती आपण आपली नाडी देतो, त्या विद्येचे वर्षातून एकदा स्मरण व्हायलाच हवे. परंतु देवाला हात जोडणे निराळे आणि पुजाऱ्यांचा हिशेब पुजाऱ्यांनीच तपासणे निराळे. सणासुदीच्या दिवसांत मी भांडायला उभा आहे तो डॉक्टरांशी नव्हे. डॉक्टरांविरुद्धची फिर्याद ज्या दरबारात दाखल होते, त्या दरबाराशी माझे भांडण आहे.

आपल्या राज्यात हा दरबार म्हणजे महाराष्ट्र वैद्यक परिषद. विधिमंडळाने १९६५ साली केलेल्या कायद्याने ती चालते. डॉक्टरांची नोंदवही तिच्या हाती. त्या वहीत नाव असेल तर दवाखान्यावर पाटी लागते. नाव कमी झाले की पाटी उतरते. रुग्णाचा नातेवाईक तक्रार घेऊन जातो तेव्हा तिची चौकशी करणारे डॉक्टरच, आणि त्यांतले कित्येक डॉक्टरांच्याच मतांवर निवडून आलेले. वैद्यकातली चूक वैद्यालाच कळणार, हे मला मान्य आहे. पण बिघडलेल्या कोटाची तक्रार शिंप्यांच्या पंचायतीपुढे न्यायची आणि त्या पंचांनी पुढल्या निवडणुकीत त्याच शिंप्याकडे मत मागायचे, तर निकाल सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

कुणी म्हणेल, ही नुसती शंका आहे. तर मग संसदेचेच दप्तर उघडू. २०१० साली भारतीय वैद्यक परिषदेच्या अध्यक्षांना लाचेच्या आरोपावरून अटक झाली आणि परिषद बरखास्त करावी लागली. २०१३ साली ती पुन्हा उभी राहिली. मार्च २०१६ मध्ये आरोग्यविषयक संसदीय स्थायी समितीने, रामगोपाल यादव यांच्या अध्यक्षतेखाली, तिच्या कारभारावर आपला ९२वा अहवाल मांडला. त्यात नोंदलेला एक आकडा मी विसरू शकत नाही. १९६३ ते २००९ या काळात परिषदेच्या नीतिसमितीने काळ्या यादीत टाकलेले डॉक्टर किती? अवघे १०९! शेहेचाळीस वर्षे, एवढा अवाढव्य देश, आणि वर्षाकाठी सरासरी दोन-तीन दोषी. एक तर आपले सारे डॉक्टर ऋषिमुनी असले पाहिजेत, नाही तर दरबाराला झोप लागली असली पाहिजे.

त्या अहवालाने जुनी परिषद हलली. २०१९ साली नवा कायदा झाला आणि सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. पण रुग्णाच्या पदरात काय पडले? जुन्या नियमांत, राज्य परिषदेच्या निकालाने नाराज झालेल्या कोणालाही साठ दिवसांत अपील करता येत असे. नव्या कायद्याचे तिसावे कलम अपिलाचा हक्क देते तो डॉक्टराला. रुग्णाचे तिथे नावही नाही. ज्याचे माणूस गेले त्याने राज्य परिषदेचा कागद घ्यावा आणि घरी जावे!

यावर ठरलेली उत्तरे मला ठाऊक आहेत. ‘ग्राहक न्यायालय आहे ना!’ आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती वाट मोकळी केली. पण तिथे भरपाईचे पैसे मिळतात; नोंदवहीतले नाव परिषदच काढू शकते. ‘आमदारांना वैद्यकातले काय कळते?’ काही कळायला नको. लोकलेखा समितीचे सभासद स्वतः धरणे बांधत नाहीत, तरी धरणाचा खर्च विचारतातच. शस्त्रक्रिया बरोबर की चूक, हे आमदारांनी ठरवू नये. त्यांनी एवढेच विचारावे : तक्रारी किती आल्या? किती निकालात निघाल्या? सहा महिन्यांत निर्णय द्यावा असे नियम सांगतो, तर त्या मुदतीबाहेर किती पडून आहेत, आणि का? या प्रश्नांनी सचोटीच्या डॉक्टराचेही भलेच होईल, कारण खोटी तक्रार वर्षानुवर्षे लोंबकळत राहिली तर अब्रू त्याचीच जाते.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याची रीत मला यासाठी अनुकरणीय वाटते. तिथल्या वैद्यक मंडळाला कायद्यानेच मुदत घातलेली असते. ती संपण्यापूर्वी मंडळाला विधिमंडळापुढे हिशेब द्यावा लागतो. तिथे रुग्णांचे नातेवाईक उघडपणे आपली गाऱ्हाणी मांडतात आणि त्यानंतर मुदत वाढते. मंडळाच्या पंधरा जागांपैकी सात डॉक्टर नसलेल्या नागरिकांच्या आहेत. तिथे सारे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. गाऱ्हाणी तिथेही संपलेली नाहीत. पण ती ऐकण्याची वेळ कायद्याने बांधलेली आहे.

औषधाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते. परिषदेच्या अधिकारावर का नसावी? १९६५चा कायदा विधिमंडळाने केला, तर त्याची झडती घेणे हेही त्याचेच काम. दर पाच वर्षांनी उघड सुनावणी, परिषदेत नागरिकांना जागा आणि दरसाल तक्रारींचा छापील हिशेब, एवढी दुरुस्ती त्याने करावी. आणि संसदेने रुग्णाचा अपिलाचा हक्क कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहावा. दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला तुमचे आमदार दारी येतील, तेव्हा त्यांच्यापुढे फराळाचे ताट जरूर ठेवा. पण ताटाबरोबर हा प्रश्नही ठेवा आणि उत्तर मिळेपर्यंत त्यांना उठू देऊ नका.